शिरवळ ते हिंजवडी: रोजच्या १२० किलोमीटरमध्ये पेट्रोल नेमकं कुठे वाचतं

पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला घर आणि पुण्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीला नोकरी. जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर. हे सुरू केलं तेव्हा भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "पेट्रोलला परवडतं का रे?" मी "हो, परवडतं की" असं ठोकून द्यायचो. खरं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं, कारण कधी मोजलंच नव्हतं. एकदा रविवारी कागद घेऊन बसलो. महिन्याचे २२ दिवस धरले तर २,६४० किलोमीटर. गाडी लिटरला १६ देत होती. १०५ रुपयांचा भाव धरला तर महिन्याला १७,३२५ रुपये. शहरातलं भाडं वाचावं म्हणून शिरवळला राहिलो आणि वाचलेलं भाडं पंपावर नेऊन देत होतो.

आज तीच गाडी २० देते. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची. रस्ता तोच, माणूस तोच. २० च्या हिशेबाने महिन्याचा खर्च १३,८६० होतो, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास फरक आणि वर्षाचे चाळीस हजारांवर. यासाठी गाडीत काहीही बसवलेलं नाही. नुकतीच गाडी घेतली असेल, किंवा घर लांब आणि नोकरी शहरात असं नव्याने सुरू होत असेल, तर पुढचं त्याच क्रमाने करून बघा. १०५ हा भाव मी हिशेबाला धरलाय, तुम्ही तुमच्या पंपावरचा घाला.

१. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त मोजा

सवय बदलण्याआधी आत्ता काय मिळतंय ते माहीत हवं. नाहीतर महिनाभराने "फरक वाटतोय जरा" यापलीकडे काही सांगता येत नाही.

टाकी फुल करा. नोझलने पहिल्यांदा 'खट्' केलं की थांबा. पंपावरचा पोऱ्या "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणेल, नको म्हणा. खट् झाल्यावर ओतलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून, वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं, डबा खराब होतो आणि आपलं मोजमापही बिघडतं. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा. चारशे-पाचशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या खट्पर्यंत भरा. समजा ४८६ किलोमीटर झाले आणि २८.४ लिटर बसलं, तर ४८६ भागिले २८.४, म्हणजे १७.१. हा तुमचा खरा आकडा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा.

डॅशबोर्डवर गाडी स्वतःच मायलेज दाखवते, मग हा खटाटोप कशाला? कारण तो आकडा बहुतेक वेळा थोडा फुगलेला असतो. माझा तर लिटरमागे एक-दीड किलोमीटर जास्त दाखवतो. तुलनेला तो चालतो, हिशेबाला नाही.

आणि जाहिरातीतला आकडा? पुण्यातल्या लोकांना एआरएआय म्हटलं की आधी टेकडी आठवते, सकाळी चालायला जायची. गाड्यांचं मायलेज प्रमाणित करणारी संस्था तीच. पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे, आणि त्या तक्त्यात वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. वारजेची गर्दी आणि मे महिन्यातला एसी तिथे नसतो. त्यामुळे २२ लिहिलंय आणि १७ मिळतंय म्हणून लगेच शोरूममध्ये भांडायला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट मनात धरा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीचं स्वतःचं मायलेज आणि आजचं यांची तुलना सरळ करता येत नाही, थोडी घट त्यातूनच येते.

२. टायर

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे लोक करत नाहीत. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसेल, त्यावर हवा किती हवी ते लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा तो नव्हे, ती टायरची कमाल मर्यादा असते. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. महामार्गावर तासभर पळून आलेल्या टायरमधली हवा तापून तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवते. ती "जास्त आहे" म्हणून कमी केली की दुसऱ्या दिवशी टायर खरोखरच कमी हवेवर धावतो.

पंधरा दिवसांतून एकदा पुरे. मी दोनेक हजारांचा छोटा पंप घेतला, चार्जर सॉकेटला लावायचा. घेतलाच पाहिजे असं नाही, पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

३. ब्रेकची किंमत

आता मुख्य गोष्ट. माझ्या चार किलोमीटरच्या फरकातला मोठा वाटा या एका सवयीचा आहे.

आपण पेट्रोल जाळून गाडीला वेग देतो. ब्रेक दाबला की तो वेग डिस्क आणि पॅड तापवण्यात संपतो. म्हणजे थोडं आधी विकत घेतलेलं पेट्रोल आपण चाकाशी जाळून टाकतो. किती? हजार किलोची गाडी ताशी ८० वरून पूर्ण थांबवली आणि पुन्हा ८० वर नेली, तर इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेचा पाव भागच कामाला लावतं असं धरून साधारण ३० मिलीलिटर लागतं. १०५ च्या भावाने तीन रुपये. वेग निम्मा असेल तर ऊर्जा चौथाई, म्हणून ४० वरून थांबलात तर पाऊण रुपया. हे गणित केल्यापासून मला ब्रेकच्या पेडलवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली दिसते.

एका सकाळी वारजे ते वाकड एवढ्या पट्ट्यात मी मुद्दाम ब्रेक मोजले. ४१ वेळा. त्यातले निम्म्याहून जास्त अकारण होते: पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चाललो होतो आणि ती जरा मंदावली की मला दाबावा लागत होता. मग पुढच्या सकाळपासून हे सुरू केलं:

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. ती एखाद्या खांबापाशी गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा, तोवर तुम्ही त्या खांबाशी पोहोचता कामा नये. "मधे रिक्षा घुसते ना!" हो, घुसते. घुसू द्या. एवढ्या प्रवासात फार तर दहा गाड्या घुसतील. त्याने अर्धं मिनिट जाईल.

नजर पुढच्या गाडीवर नको, तिच्याही पुढच्या दोन गाड्यांवर ठेवा. लांबवर लाल दिवे पेटलेले दिसले की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. बहुतेक वेळा तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो आणि ब्रेक लागतच नाही. खेड शिवापूरचा टोलनाका मला आता अर्धा किलोमीटर आधीपासून 'दिसतो'. नाक्यापर्यंत रेटत नेऊन करकचून थांबणाऱ्या गाड्या शेजारून पुढे जातात आणि दोन मिनिटांनी लाइनीत माझ्याच पुढे उभ्या सापडतात.

उचल कशी घ्यायची? काहीजण सांगतात, अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ठेवा. तेही टोकाचं आहे. खालच्या गिअरमध्ये रेंगाळत राहिलात तर तिथेही पेट्रोल जातंच. बऱ्यापैकी पाय देऊन वेग घ्या, पण गिअर लवकर टाका. माझ्या गाडीत दोन ते अडीच हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वरचा गिअर पडतो: ४० च्या आसपास तिसरा, ५०-५५ ला चौथा, ६५ च्या पुढे पाचवा. पाचव्यात गाडी थरथरायला किंवा घरघरायला लागली तर मात्र हट्ट सोडून खाली या.

पहिला आठवडा हे सगळं फार कृत्रिम वाटतं. मागचा हॉर्न वाजवतो, बायको विचारते "गाडीला काही झालंय का?" दुसऱ्या आठवड्यात अंगवळणी पडतं. माझा आकडा पहिल्या महिन्यातच १६ वरून १८ च्या थोडा पुढे गेला. शिवाय संध्याकाळी घरी पोहोचल्यावर खांदे कमी दुखायला लागले, हा हिशेबात न धरलेला फायदा.

४. उतारावर न्यूट्रल: हे खूळ डोक्यातून काढा

आमच्या शेजारच्या काकांचा ठाम सल्ला होता, "अरे, कात्रजचा नवा बोगदा संपला की न्यूट्रल कर आणि दे सोडून. नवले पुलापर्यंत फुकट जातोस बघ." काकांनी आयुष्याचा बराच काळ कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या. त्या जमान्यात गाडी गिअरमध्ये घरंगळत असली तरी इंजिन थोडंफार पेट्रोल ओढतच राहायचं, म्हणून त्या सल्ल्याला काही अर्थ तरी होता. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चित्र उलटं आहे.

गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाय आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर आहेत, म्हणजे साधारण बाराशे-पंधराशेच्या वर, तर गाडीतला संगणक पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे पेट्रोलचा खर्च शून्य. तेच न्यूट्रल केलंत तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं आणि ते पेट्रोल पिऊ लागतं. ज्यांच्या गाडीत क्षणाक्षणाचं मायलेज दिसतं त्यांनी या उतारावर गिअरमध्ये पाय काढून बघावं, काटा टोकाला जाऊन चिकटतो. म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारा त्याच उतारावर पेट्रोल जाळत असतो.

जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार कशासाठी बदनाम आहे हे या रस्त्यावरच्या कोणालाही विचारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका ट्रकमुळे ४८ गाड्यांची मोडतोड झाली होती, आणि उतारावर इंधन वाचवण्याच्या नादाचीच तेव्हा चर्चा झाली. न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं.

तर बोगद्यातून बाहेर पडताना चौथा गिअर, वाहनं दाटली असतील तर तिसरा. पाय वर. लावलेली वेगमर्यादा पाळा, आणि शेजारच्या लेनमध्ये मागून अवजड गाडी येत असेल तर तिला वाट मोकळी करून द्या. अगदी हलक्या उतारावर मात्र पाय पूर्ण काढला तर इंजिनाच्या ओढीने गाडी फारच मंदावते. तिथे पेडलवर अलगद पाय ठेवून वेग टिकवलेला बरा. ऑटोमॅटिक किंवा एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर 'डी' मध्येच ठेवा.

संध्याकाळी परत जाताना हाच चढ असतो. त्यावर ८० टिकवण्याचा आग्रह धरू नका. चढ सुरू होण्याआधी थोडा वेग घ्या, मग चढावर ७५ चे ६५ झाले तर होऊ द्या. बोगद्यापलीकडे शिंदेवाडीच्या उतारावर गेलेला वेग आपोआप परत मिळतो.

५. ८० आणि १००

शिरवळ ते नवले पूल साधारण ४० किलोमीटर. सतत १०० ने गेलात तर २४ मिनिटं, ८० ने गेलात तर ३० मिनिटं. सहा मिनिटांचा फरक, तोही रस्ता सगळा मोकळा मिळाला तर.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की वेग पावपट वाढतो, हवेचा विरोध मात्र ५६ टक्क्यांनी. पेट्रोलचा एकूण खर्च तेवढ्याने वाढत नाही, कारण त्यात टायरचं घर्षण, इंजिनाचं स्वतःचं घर्षण असंही बरंच असतं. तरी माझ्या गाडीत महामार्गावर १०० ने लिटरला १७ मिळतात आणि ८० ने २१ च्या वर. पेट्रोल बचतीवर काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था ४५-५५ चा वेग सांगते. महामार्गावर एवढ्या हळू जाणं मला सोयीचंही वाटत नाही आणि सुरक्षितही. मधल्या लेनमध्ये ७५ ते ८० वर माझं बस्तान बसलंय.

ट्रकच्या मागे चिकटून हवा तोडायची युक्ती कोणी सांगितली तर हात जोडा. फायदा मिळावा एवढं जवळ जायचं म्हणजे त्याने ब्रेक दाबल्यावर आपल्याला वेळच उरत नाही.

टपावर कॅरिअर असेल आणि रोज लागत नसेल तर काढून ठेवा, हवा तिथेही अडते. बूटमध्ये काय काय आहे तेही एकदा बघा. मला गेल्या दिवाळीच्या फरश्या सापडल्या होत्या, जवळपास सिमेंटच्या गोणीएवढं वजन, सहा महिने हिंजवडी दर्शन करत होत्या.

६. निघायची वेळ

भुमकर चौक आणि हिंजवडीचा शिवाजी चौक यांच्यामध्ये जो अडकलाय त्याला पेट्रोल बचतीचे धडे देणं म्हणजे जखमेवर मीठ. एसी चालू ठेवून गाडी जागेवर उभी असली तर लहान इंजिनही तासाला लिटरभराच्या आसपास पिऊ शकतं. वीस मिनिटं उभे राहिलात की तीस-पस्तीस रुपये गेले, एक फूटही न सरकता.

यावर उपाय गाडीत नाही, घड्याळात आहे. मी पावणेआठऐवजी पावणेसातला निघायला लागलो. प्रवास पस्तीस मिनिटांनी कमी झाला आणि ऑफिसमध्ये चहा शांतपणे प्यायला मिळतो. सगळ्यांना जमेल असं नाही, मुलांच्या शाळा असतात. पण वरिष्ठांशी बोलून निदान आठवड्यातले दोन-तीन दिवस वेळ पुढे-मागे करता येते का बघा. घरून काम करायचे दिवस निवडता येत असतील तर सोमवार आणि शुक्रवार निवडा. शुक्रवारी संध्याकाळी अर्धं पुणे वाई-महाबळेश्वरच्या दिशेने निघालेलं असतं आणि सोमवारी सकाळी गावाहून परतणारे असतात. दर आठवड्याला एक दिवस जरी घरून झाला तरी महिन्याचे सहज ४८० किलोमीटर वाचतात. २० च्या मायलेजने तेच २,५२० रुपये. कुठल्याही ड्रायव्हिंगच्या युक्तीपेक्षा ही बचत मोठी आहे, आणि हे मी शेवटी शिकलो याचं वाईट वाटतं.

सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं 'गरम' करत बसू नका. अर्धं मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, इंजिन चालता चालताच लवकर तापतं.

७. एसी

महामार्गावर काचा बंद आणि एसी चालू. त्या वेगाला उघड्या काचांमुळे अडणारी हवाही खर्चिकच असते. गावात, कमी वेगात, हवा बरी असेल तर काचा उघडा. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी पूर्ण सोडू नका. आधी दारं मिनिटभर उघडी ठेवा, गरम हवा जाऊ द्या, मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. यापलीकडे एसीवर फार डोकं लावू नका. मे महिन्यात घामाघूम होऊन वाचवलेले वीस रुपये मला तरी परवडत नाहीत.

८. शेजारची रिकामी सीट

तिघांनी मिळून गेलात तर १३,८६० चे प्रत्येकी ४,६२० होतात. मायलेज वाढवून कधीही एवढं मिळणार नाही. आम्ही सध्या तिघं आहोत: मी शिरवळचा, एक कापूरहोळची ताई आणि एक चेलाडी फाट्यावर चढणारा पोरगा. काही नियम पहिल्याच दिवशी ठरवले म्हणून दोन वर्षं टिकलंय. निघायची वेळ म्हणजे वेळ, पाच मिनिटांवर थांबायचं नाही. हिशेब महिनाअखेरीस, डायरीतल्या खऱ्या लिटरवर. पैसे फक्त पेट्रोल आणि टोलचे, नफा नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भानगड व्हायला नको. आणि फोनवरच्या मीटिंगा हेडफोन लावून. हा नियम ताईने घातला, माझ्यामुळेच.

ज्यांचं ऑफिस शिवाजीनगर-डेक्कनच्या बाजूला आहे त्यांनी स्वारगेटपर्यंत एसटी आणि पुढे मेट्रो हे एकदा करून बघावं. स्वारगेटपर्यंत मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून धावते. हिंजवडीवाल्यांना हा मार्ग उलटा पडतो.

९. सीएनजी घ्यावी का?

गाडी अजून घ्यायची असेल तर हा विचार आत्ताच करा. हिशेब असा मांडा. समजा सीएनजी ९० रुपये किलो आणि गाडी किलोला २६ देते. २,६४० किलोमीटरला १०१ किलो आणि थोडा, म्हणजे सुमारे ९,१४० रुपये. पेट्रोलवर १८ चं मायलेज धरलं तर १५,४०० रुपये. महिन्याला सव्वासहा हजार वाचतात. सीएनजी मॉडेलला ९० हजार जास्त मोजावे लागले तर सव्वा वर्षाच्या आत वसूल. रोज १२० किलोमीटर असेल तर गणित सरळ सीएनजीच्या बाजूने झुकतं. रोज ३० किलोमीटर असेल तर तेच ९० हजार फिटायला पाच वर्षांच्या आसपास लागतात.

मग मी का घेतली नाही? कारण माझी गाडी आधीच घेतलेली होती. पण घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी प्रत्यक्ष बघा. एक, तुमच्या वाटेवरच्या सीएनजी पंपावर तुमच्या वेळेला लाइन किती असते. सकाळी सातला जाऊन स्वतः उभे राहा. दोन, बूट. सिलिंडरनंतर जागा किती उरते ते बॅग ठेवून बघा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्चही धरा. गाडीला नंतर किट बसवायचं असेल तर मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवा आणि आरसी बुकवर नोंद करून घ्या, नाहीतर विमा अडतो.

१०. यावर पैसे घालवू नका

टाकीत टाकायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' बाटल्या, पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक, चार्जर सॉकेटमध्ये खुपसायचं दिवा लुकलुकणारं यंत्र. शेवटचं मी घेतलं होतं, ३९९ रुपयांना. दिवा चांगला लुकलुकायचा.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल साध्या इंजिनाला लागत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते भरा. इंजिन ऑइलचंही तेच: मॅन्युअल पातळ ऑइल सांगत असताना गॅरेजवाला "जाड टाकूया साहेब, इंजिन स्मूद राहील" म्हणाला तर नको म्हणा. एअर फिल्टर वेळेवर बदला, पण त्याने मायलेज उसळी मारेल अशी अपेक्षा नको. आताच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की आधी पिकअप जातो.

पहाटे भरलं की पेट्रोल थंड म्हणून जास्त मिळतं, हाही एक लाडका समज. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. ५०० ऐवजी ५१० चं भरलं की फसवणूक टळते, यालाही काही आधार नाही. शंका आलीच तर पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं, ते आणायला सांगून समोर मोजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. मी दोनदा मागितलं. एकदा माप बरोबर निघालं. दुसऱ्या ठिकाणी माप "कपाटात आहे आणि किल्ली मालकाकडे आहे" असं उत्तर मिळालं, तिथे मी पुन्हा गेलो नाही.

टोल म्हणजे पेट्रोल नव्हे, पण पैसे एकाच खिशातून जातात. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये खाजगी गाड्यांचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा तो ३,००० रुपयांना होता: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. रोज दोनदा नाका ओलांडणाऱ्याच्या २०० फेऱ्या साडेचार महिन्यांतच संपतात. तरी त्या भावाने फेरीला १५ रुपयेच पडायचे. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहत असाल तर स्थानिक मासिक पासची चौकशी आधी करा, तो आणखी स्वस्त पडू शकतो.

११. डायरी बंद करू नका

आकडा वाढला, सवय लागली, आता कशाला लिहायचं असं वाटेल. लिहा. प्रत्येक टाकीला एक ओळ: तारीख, किलोमीटर, लिटर, भागाकार. दोन मिनिटं लागतात.

मागच्या पावसाळ्यात माझी टाकी १९.५ वरून एकदम १७.२ वर आली. पाऊस असेल, ट्रॅफिक असेल म्हणून सोडून दिलं. पुढची टाकीही १७.४. मग एका संध्याकाळी घरी पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेला, टेकवला नाही, नुसता जवळ नेला. मागच्या डाव्या चाकाजवळ तव्यासारखी धग लागत होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने जॅक लावून चाक हाताने फिरवून दाखवलं, ते अर्ध्या फेरीतच थांबत होतं.

"हँडब्रेकची केबल अडकलीय दादा. पाणी जाऊन गंजली. तुम्ही महिनाभर ब्रेक दाबूनच गाडी चालवताय."

सहाशे रुपये घेतले त्याने. पुढची टाकी १९.६ भरली.